लाईट गेली, खुनी राहिला

१९९३ साली मोखाड्यातल्या माझ्या भाड्याच्या खोलीत एक खून झाला आणि खुनी कोण हे कळायला मला सत्तावीस वर्षे लागली. खून अर्थातच दूरदर्शनवर झाला होता. पण त्या रात्री खोलीत जमलेल्या दहा-बारा माणसांनी त्याचा तपास ज्या गंभीरपणे केला, तो पाहता तो मोखाड्यातच झाला असे म्हणायला माझी हरकत नाही.

मोखाडा त्या वेळी ठाणे जिल्ह्यात होता. पालघर जिल्हा झाला तो १ ऑगस्ट २०१४ रोजी. बँकेतल्या माणसाला मोखाड्याची बदली मिळाली की सहकारी हळहळ व्यक्त करीत आणि मनात सुटकेचा निःश्वास टाकीत. जव्हारच्या पुढे घाटवळणांचा रस्ता, पावसाळ्यात चार महिने कोंडून घातल्यासारखे धुके, आणि दिवाळी उलटली की निम्मे पाडे ओस. माणसे भिवंडी-वसईकडे वीटभट्ट्यांवर आणि रेतीवर गेलेली. मी एकटाच राहत होतो. सोबतीला चौदा इंची कृष्णधवल दूरदर्शन संच होता. अँटेना बांबूला बांधून कौलावर चढवली होती. चित्र यायचे ते मुंग्यांच्या वारुळातून आल्यासारखे, पण यायचे. त्यामुळे मालिकेच्या दिवशी घरमालक, त्यांची बायको, आश्रमशाळेचे एक गुरुजी, सरकारी दवाखान्यातले कंपाउंडर, आमच्या शाखेचा शिपाई आणि आळीतली पोरे अशी मंडळी न बोलावता जमत. शिपायाबरोबर त्याचे मामाही येत. ते पाड्यावरून बाजाराला येत आणि मुक्कामाला भाच्याकडे राहत. खोलीत जागा असली तरी ते उंबऱ्यावरच बसत.

मालिका होती बासू चटर्जींची ‘ब्योमकेश बक्षी’. चटर्जी मूळचे अजमेरचे. मुंबईत ‘ब्लिट्झ’मध्ये व्यंगचित्रे काढणारा हा माणूस पुढे ‘रजनीगंधा’, ‘छोटी सी बात’ असे मध्यमवर्गीय माणसाला हळूच गुदगुल्या करणारे चित्रपट करू लागला. त्याच हाताने त्यांनी खून हाताळले. रजित कपूरचा ब्योमकेश धोतर नेसतो, बोलतो कमी, चहा पितो फार. आणि स्वतःला गुप्तहेर म्हणवून न घेता ‘सत्यान्वेषी’ म्हणवतो. बरोबर के. के. रैनांचा अजित. एका भागात तर सायकलच्या घंटीतून ग्रामोफोनची पिन सुटते आणि भर रस्त्यात माणूस मरतो. हे वाचायला भयंकर वाटते, पाहायला मात्र गंमत वाटते. मृत्यूला असे हलके करणे सोपे नाही.

त्या रात्रीचा भाग मृत्युपत्राचा होता. मूळ बंगाली कथेचे नाव ‘अर्थमनर्थम्’. कराली नावाचा एक श्रीमंत, तऱ्हेवाईक म्हातारा. घरात भाचे-पुतण्यांचा गोतावळा पोसलेला. म्हाताऱ्याचा छंद एकच, मृत्युपत्र बदलणे. आज एकावर राग आला, त्याचे नाव काटले; उद्या दुसऱ्याने दुखावले, त्याचे काटले. बँकेत काम केलेल्या माणसाला या म्हाताऱ्याची गंमत जास्त कळते. खात्याला नामनिर्देशन करण्याची सोय १९८५च्या नियमांनी आली, तेव्हापासून दर पगाराला नामनिर्देशन बदलणारे एक निवृत्त मास्तर मी पाहिले आहेत. त्यांची तिन्ही मुले आम्हा कारकुनांना चहा पाजत. तर असा हा म्हातारा एका सकाळी अंथरुणात मेलेला सापडतो. मानेत सुई. पोलिसांना संशय सुकुमार नावाच्या तरुणाचा. आणि त्याची बहीण सत्यवती ब्योमकेशकडे धाव घेते, माझ्या भावाला वाचवा म्हणून.

सत्यवतीचे काम आपल्या सुकन्या कुलकर्णी यांनी केले होते. बंगाली घरातल्या त्या मुलीच्या चेहऱ्यावरचा मराठीपणा घरमालकीण वहिनींनी क्षणात ओळखला. “ही आपली आहे हो,” त्या म्हणाल्या आणि तिथून पुढे त्यांना खुनाशी काही देणेघेणे राहिले नाही. ब्योमकेश तिच्याकडे कसा बघतो, ती मान कशी खाली घालते, एवढेच त्या पाहत होत्या. तपास चालला होता, फौजदार तोऱ्यात होता, ब्योमकेश एकेकाला खोलीत बोलावून विचारत होता. कोण कधी झोपले? दार कोणी उघडले? म्हाताऱ्याला शेवटचे कोणी पाहिले?

आणि लाईट गेली.

मोखाड्यात लाईट जाण्याला कारण लागत नसे. नेहमीच्या सवयीने सगळे पाच मिनिटे गप्प बसले. मग मी कंदील लावला. ती येणार नाही हे ठरल्यावर गुरुजींनी तपास हाती घेतला. त्यांच्या मते खुनी सुकुमारच, कारण पोलीस उगाच कोणाला धरत नाहीत. यावर पोरेसुद्धा हसली. कंपाउंडर म्हणाले, मानेत नेमक्या जागी सुई खुपसायची म्हणजे शरीराचे ज्ञान पाहिजे, सबब घरात कोणी डॉक्टरकीचे शिकते का ते पाहा. आमच्या शिपायाने मात्र ठाम सांगितले, “तो लंगडा. फणी.” का? “साहेब, बाकीचे सगळे हिंडतात-फिरतात. हा घर सोडून कुठं जात नाही. म्हाताऱ्याचं घर ह्याच्याइतकं कुणाला ठाऊक?” वहिनींनी विचारले, “पण तो तिच्याशी लग्न करील ना?” याचे उत्तर कोणीच देऊ शकले नाही.

एवढा वेळ उंबऱ्यावर बसलेले मामा बोलले नव्हते. ते म्हणाले, “सायेब, त्या म्हाताऱ्याला मरून किती दीस झालं?”

“एक-दोन दिवस.”

“आन् एवढी मानसं त्याच्यापायी इचारत फिरतात? कोन निजलं, कोन उठलं, दिवा कोनी मालवला?”

“खून झालाय ना मामा.”

“खून झाला म्हनून इचारतात?”

“हो.”

“नुसता मेला तर नाय इचारत?”

“नुसता मेल्यावर काय विचारायचं?” मी म्हणालो. मंडळी उठली.

या वाक्याकडे मी परत येणार आहे. आधी या जातीच्या कथांबद्दल थोडे, कारण मी त्यांच्यावरच वाढलो. आमच्या पिढीने बाबूराव अर्नाळकरांची पुस्तके वाचनालयातून आणून अभ्यासाच्या पुस्तकात घालून वाचली. हजारावर रहस्यकथा लिहिणारा तो माणूस १९९६ साली वारला. झुंजार आणि काळा पहाड यांनी आम्हाला जेवढी रात्र जागवले तेवढे परीक्षेने जागवले नाही. पुढे सुहास शिरवळकरांचा दारा बुलंद आला. पडद्यावर राजा परांजपे यांचा ‘पाठलाग’ १९६४चा. त्यात खून आणि प्रेम अशा काही गाठीत बांधले होते की दोनच वर्षांत हिंदीत त्याचा ‘मेरा साया’ झाला. आणि दूरदर्शनवर १९८५ साली ‘करमचंद’ आला. पंकज पराशरांच्या त्या मालिकेत पंकज कपूर काळा चष्मा लावून गाजर खात खुनाचा छडा लावत असे, आणि सुश्मिता मुखर्जींची किटी भलत्या वेळी भलतेच बोलून बोलणी खात असे. आज कोणालाही विचारा, करमचंदच्या एका तरी भागातला खुनी कोण होता? सांगता येणार नाही. गाजर आठवते. किटी आठवते. त्या दोघांचे जमेल का, यावर ऑफिसात लागलेल्या पैजा आठवतात. मेलेला माणूस तर कोणालाच आठवत नाही.

अशा कथांत प्रेत हे कोडे असते. त्याच्यासाठी कोणी रडायचे नसते. रडले तर कोडे सुटत नाही. मी स्वतः एकदा रहस्यकादंबरी लिहायला घेतली होती. चौथ्या प्रकरणात मला मेलेल्या सावकाराबद्दल वाईट वाटू लागले, त्याच्या विधवेवर मी वीस पाने लिहिली आणि प्रकाशकांनी सौम्य शब्दांत हस्तलिखित परत पाठवले. असो.

प्रेमाचे मात्र या कथांत मोठे अवघड असते. डोरोथी सेयर्स या इंग्रज लेखिकेने १९३० साली आपल्या गुप्तहेराला खुनाच्या आरोपाखाली उभ्या असलेल्या बाईच्याच प्रेमात पाडले आणि पुढे लग्नापर्यंत पोचायला त्याला कित्येक कादंबऱ्या घालवायला लावल्या. अमेरिकेत १९८५ ते १९८९ चाललेल्या ‘मूनलायटिंग’ या थट्टेखोर मालिकेतले दोघे भांडत होते तोवर लोक पाहत होते. जवळ आले आणि गंमत गेली, असे म्हणतात. शरदिंदु बंद्योपाध्यायांनी यातले काहीच मानले नाही. ब्योमकेश १९३२ साली जन्मला आणि पहिल्या काही कथांतच त्यांनी त्याचे सत्यवतीशी जुळवून टाकले. सत्याचा शोध घेणाऱ्याला सत्यवती भेटावी, हा श्लेष त्यांना आवरला नसावा. १९३६ नंतर पंधरा वर्षे त्यांनी ब्योमकेशची कथा लिहिली नाही. त्या काळात ते मुंबईत बाँबे टॉकीजसाठी आणि पुढे इतरांसाठी चित्रपटकथा लिहीत होते. १९५१ साली ब्योमकेश परत आला तो संसारी होऊन. सत्यवती चहा करते, रुसते, टोमणे मारते, आणि खून तसेच सुटतात.

हे दुसऱ्या डावातले लेखन त्यांनी आपल्या पुण्यात बसून केले, हे पुणेकरांनाही फारसे ठाऊक नसते. सिनेमा सोडून शरदिंदुबाबू पुण्याला येऊन राहिले. ‘शैलरहस्य’ या कथेत ब्योमकेश चक्क महाबळेश्वरला येतो आणि तिथल्या हॉटेलातून अजितला पत्रे लिहितो. शिवकाळातल्या सदाशिव नावाच्या पोराच्या गोष्टीही त्यांनी बंगाली मुलांसाठी लिहिल्या. ब्योमकेशच्या बत्तीस कथा पुऱ्या झाल्या. तेहतिसावी अपुरी राहिली आणि १९७० साली ते गेले. त्या तेहतिसाव्या कथेतला खुनी त्यांच्याबरोबरच गेला. आमची तर नुसती लाईट गेली होती.

आता मामांकडे येतो.

माझे मोखाड्यातले काम मुख्यतः एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमाच्या कर्जांचे. दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला बकऱ्या, म्हैस, बैलजोडी यांसाठी कर्ज आणि त्यावर सरकारचे अनुदान, अशी ती योजना होती. १९९९ साली तिचे नाव आणि रूप बदलले. कर्ज दिले की मत्ता जागेवर आहे की नाही हे पाड्यावर जाऊन पाहायचे. मत्ता म्हणजे बकरी. प्रत्येक बकरीचा विमा, प्रत्येक बकरीच्या कानात नंबरचा बिल्ला. बकरी मेली तर मालकाने बँकेला आणि विमा कंपनीला कळवायचे, पशुवैद्यकीय अधिकाऱ्याने तपासून मरणाचे कारण लिहून द्यायचे आणि दाव्याच्या कागदांबरोबर कानातला बिल्ला जोडायचा. बिल्ला नसेल तर दावा नामंजूर. बकरी खरोखर मेली का, कशाने मेली, कधी मेली, मालकाने हयगय केली का, या सगळ्याला रकाने होते. मी ते भरून घेत होतो आणि नीट भरून घेत होतो. लेखापरीक्षणात माझ्या शाखेच्या एकाही बकरीबद्दल शेरा नव्हता.

त्या रात्रीनंतर चार-सहा आठवड्यांनी मी मामांच्या पाड्यावर गेलो. त्यांच्या मुलाच्या नावावर कर्ज होते. मी बकऱ्या मोजल्या. एक कमी होती. विचारले, बिल्ला आणून दिला, दाखला होता, सगळे रीतसर. मामांनी कोरा चहा दिला. त्यांची सून कोपऱ्यात नागली पाखडत होती. निघताना शिपाई मला हळूच म्हणाला, “ह्यांचा नातू गेला साहेब, होळीच्या आधी. वर्षाचा नव्हता झाला.” कशाने? “गेला. ताप होता म्हणतात.” त्या मुलाच्या जन्माची नोंद झाली नव्हती, त्यामुळे मृत्यूचीही करायचे कोणाला सुचले नव्हते. जन्ममृत्यूच्या नोंदणीचा कायदा १९६९चा. तो मोखाड्यापर्यंत पोचला होता, घाट उतरून पाड्यापर्यंत गेला नव्हता.

म्हणजे मामांनी मला उंबऱ्यावरून प्रश्न विचारला तेव्हा नातू जाऊन फार दिवस झाले नव्हते. आणि मी त्यांना काय उत्तर दिले होते ते वर लिहिलेच आहे.

शेजारच्या जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत १९९२-९३ साली शंभरावर बालके दगावली. ते नाव वर्तमानपत्रांनी राज्यभर पोचवले. मंत्र्यांच्या गाड्या आल्या, पथके आली, चौकशा झाल्या, त्या व्हायलाच हव्या होत्या. पण एका जागी शंभर मुले मेली म्हणून विचारणारे आले. एकेका पाड्यावर एकेक करून मेलेल्यांसाठी कोण येणार? आकडा खुनाएवढा मोठा व्हावा लागतो तेव्हा कुठे फौजदार येतो. कुपोषण, गोवर, जुलाब, न्यूमोनिया, आईच्या अंगात रक्त नाही, बाप भट्टीवर, दवाखाना तीन टेकड्यांपलीकडे. यातला खुनी कोण म्हणायचे? ब्योमकेशने घरातल्या सगळ्यांना एका खोलीत बसवले असते तर ती खोली मंत्रालयाएवढी लागली असती. आणि एका कोपऱ्यात मीही बसलो असतो, बिल्ले हातात घेऊन.

एकेका मृत्यूची चौकशी होऊ शकते हे मला पुष्कळ नंतर कळले. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीत १९८६ साली ‘सर्च’ ही संस्था काढली, आणि त्यांच्या कामात मला पहिल्यांदा खरा सत्यान्वेषी दिसला. गावात मूल दगावले की एक प्रशिक्षित माणूस त्या घरी जातो, आईसमोर बसतो आणि विचारतो. दूध प्यायचे कधीपासून थांबले? श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडत होता का? अंग गार होते की गरम? रडणे बारीक झाले होते का? या उत्तरांवरून डॉक्टर मरणाचे कारण ठरवतात. प्रेत फाडायचे नाही, शब्दांवरून शोधायचे. या पद्धतीने मोजले तेव्हा सरकारी नोंदवहीत नसलेली कितीतरी मुले सापडली. ‘कोवळी पानगळ’ या अहवालाने राज्यातल्या बालमृत्यूंची लपलेली संख्या पुढे आणली, तेव्हा सरकारला समिती नेमावी लागली.

ग्रामोफोनच्या पिनेची गंमत मी वर सांगितली. गडचिरोलीतलेही एक साधन तितकेच अजब आहे. न्यूमोनिया ओळखायचा तर बाळाचे श्वास मोजावे लागतात. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे मिनिटाला साठ किंवा त्याहून जास्त, त्यापुढे वर्षापर्यंतच्या बाळाचे पन्नास किंवा जास्त, म्हणजे धोका. पण लिहिता-वाचता न येणाऱ्या सुईणीने साठपर्यंत कसे मोजायचे? तिच्या हाती मणी सरकवायचे एक यंत्र आणि वाळूचे घड्याळ दिले. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत मणी धोक्याच्या खुणेपर्यंत पोचले की औषध. हे काम १९९० साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले. म्हणजे मी मोखाड्यात बकऱ्या मोजत होतो तेव्हा त्याच राज्याच्या दुसऱ्या टोकाला अक्षरशत्रू बायका श्वास मोजत होत्या. मामांच्या नातवाचे श्वास त्या होळीच्या आधी मिनिटाला किती पडत होते, हे आता कोणी सांगू शकणार नाही. २०१६ साली बालमृत्यूंच्या बातम्यांत मोखाड्याचे नाव पुन्हा आले तेव्हा मी निवृत्तीच्या उंबरठ्यावर होतो. बातमीच्या मजकुरात मी नकळत त्या पाड्याचे नाव शोधले.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि महिनाअखेरीस दूरदर्शनने जुन्या मालिका बाहेर काढल्या. त्यांत ‘ब्योमकेश बक्षी’ होती. घरी कोंडलेला मी सकाळी चहा घेऊन समोर बसू लागलो. संध्याकाळी त्याच पडद्यावर मेलेल्यांचा आकडा सांगितला जाई. जिल्ह्याचा, राज्याचा, देशाचा. आयुष्यात पहिल्यांदा मी सरकारला एवढ्या तत्परतेने मेलेली माणसे मोजताना पाहत होतो, आणि तरी रोज कोणीतरी म्हणे की आकडा खरा नाही. अशात एके दिवशी मृत्युपत्राचा भाग लागला. चित्र आता स्वच्छ होते, मुंग्या नव्हत्या. मी पंख्याकडे बघत होतो, लाईट जाईल की काय म्हणून. गेली नाही.

खुनी फणीभूषण. लंगडा पुतण्या. तपास संपला तरी ब्योमकेशचे त्या घरी जाणे संपले नाही, कारण तिथे सत्यवती होती. जून महिन्यात बासू चटर्जी गेल्याची बातमी आली.

मोखाड्याचा आमचा शिपाई आता निवृत्त होऊन गावीच असतो. त्याचा नंबर माझ्याकडे होता. मी फोन लावला.

“अरे, खुनी सापडला,” मी म्हणालो.

त्याला संदर्भ लागायला वेळ गेला. मग तो एवढ्या मोठ्याने हसला की मला फोन कानापासून दूर धरावा लागला. “लंगडाच ना? मी म्हणलं होतं साहेब! गुरुजी ऐकायला तयार नव्हते.” गुरुजी वारल्याचे त्याने सांगितले. मामाही गेले होते, पाच-सात वर्षे झाली. कशाने, मी विचारले. या वेळी विचारले. दम्याने, तो म्हणाला. दोन दिवस रुग्णालयात होते, दाखला आहे.

मग म्हणाला, “आणि त्या पोरीचं काय झालं हो साहेब? वहिनी लई दिवस विचारायच्या. लग्न झालं का त्यांचं?”

“झालं. मुलगाही झाला.”

“जगला ना?” तो म्हणाला.

“जगला,” मी म्हणालो.